राखून ठेवलेली केप

आमच्या वाडीत ऐन वेळी कुणाचं काही फसलं, की लोक म्हणायचे, "चांगदेवाच्या बंदुकीसारखं झालं." म्हणच झाली होती ती! माणूस जिवंत, समोर अंगणात बसून जाळं विणतोय, आणि त्याच्या देखत त्याची म्हण करून वापरायची. बाजाराला जाताना बाया खुशाल बोलायच्या आणि मी, सगुणा, त्याची सख्खी भावजय, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन त्यांच्याबरोबर चालायचे. नऊ वर्षं ऐकलं. तोंडाची मी गरीब नाही. माझ्याशी भाव करायला भलेभले कचरतात. पण तिथे माझी वाचा बसायची. का बसायची, तेच आज सांगते.

चांगदेव म्हणजे माझे थोरले दीर. मी त्यांना भावजी म्हणायचे. उंच, हाडकुळे, आणि डावा पाय होडीखाली सापडून वाकडा झालेला, म्हणून समुद्रावर जात नसत. बायको लवकर गेली, दुसरी केली नाही. माझा नवरा हरेश्वर त्यांचा धाकटा भाऊ. होडी हरेश्वर चालवायचा आणि बंदूक भावजी सांभाळायचे, अशी घरातली वाटणी.

बंदूक आजेसासऱ्यांच्या वेळची. ठासणीची, दोन नळ्यांची. पुढून दारू घालायची, वर काथ्याचा बोळा, आणि गजाने ठासायचं. मागे दोन घोडे. घोड्याखाली एकेक केप बसवायची. केप म्हणजे तांब्याची इवलीशी टोपी, करंगळीच्या नखाहून लहान. चाप ओढला, घोडा केपेवर पडला, की ठिणगी आत जाते आणि बार उडतो. केप नसेल तर एवढी थोरली बंदूक म्हणजे नुसतं मुसळ.

तिची कामं दोन. एक, नागावच्या नारळाच्या बागांतून वानरं हाकलायची. दुसरं काम खरं. आमच्या खाडीचं तोंड अरुंद आहे. एका अंगाला वाळूचा दांडा, दुसऱ्या अंगाला खडक. भरती असली तर होडी डोळे मिटून आत येते. उधाणाची ओहोटी लागली की तेच खडक वर येतात. माघ-फाल्गुनात सकाळी धुकं दाटलं की होडीतल्या माणसाला स्वतःचा हात दिसत नाही. तेव्हा भावजींनी खाडीच्या तोंडाशी उंच टोकावर जाऊन बार काढायचा. एक बार म्हणजे पाणी आहे, आवाजावर या. लागोपाठ दोन बार म्हणजे पाणी नाही, नांगर टाका आणि थांबा. आजेसासऱ्यांपासूनचा हा रिवाज. वाडीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होता.

स्वराज्य आलं त्या सकाळी भावजींनी टोकावर उभं राहून दोन्ही नळ्या आभाळात रिकाम्या केल्या. मी तेव्हा नवी सून, दारात उभी होते, कानांवर हात ठेवून. मग वर्षा-दोन वर्षांत केपा मिळेनाशा झाल्या. त्या विलायतेहून यायच्या म्हणे. अलिबागचा गुजराती दुकानदार मान हलवायचा. "केप नथी, चांगदेवभाई. माल ज नथी आवतो." स्वराज्याला मी नावं ठेवत नाही हो, पण आमच्या केपांचा विचार कुणी केला नाही, हे खरं. भावजी रेवसला जाऊन लाँच धरून भाऊच्या धक्क्यावर उतरले, दोन दिवस मुंबईत दारोदार फिरले आणि तपकिरीच्या डबीत अकरा केपा घेऊन परत आले. जत्रेहून पेढे आणावेत तशी ती डबी त्यांनी माझ्या हातात ठेवली. "जप ग," म्हणाले. "केपा न्हाईत, सोनं हाय."

समुद्राची हवा दमट. केप दमट झाली की मेली. म्हणून डबी माझ्या चुलीवरच्या शिंक्यात असायची. किती उरल्या, हे त्यांच्याइतकंच मलाही ठाऊक असायचं. हे ध्यानात ठेवा.

भावजींनी आधी वानरांवर केप खर्चणं बंद केलं. नुसताच घोडा आपटायचे, टक् करून. आठ दिवस वानरं पळाली. नवव्या दिवशी कुंपणावर ओळीने बसून भावजींची गंमत बघू लागली. वानरंच ती, माणसापेक्षा शहाणी. मग दिवाळी आली आणि भावजींना युक्ती सुचली. पोरं पिस्तुलात लाल कागदाच्या टिकल्या फोडतात ना, त्या आणल्या. फुटक्या तांब्याचा पत्रा कापला, ठोकून ठोकून टोप्या केल्या आणि आत टिकल्या चिकटवल्या. पहिली वाजली तेव्हा हा पन्नाशीला आलेला माणूस अंगणात एका पायावर नाचला! हरेश्वर म्हणाला, "दादा, आता विलायतेला तूच माल धाड." आम्ही तिघं किती हसलो त्या दिवशी.

पण टिकलीची केप ती टिकलीचीच. कोरड्या दिवशी दहातल्या आठ वाजायच्या, दमट दिवशी पाच. आणि धुक्याएवढा दमट दिवस दुसरा कोणता? बार हवा तेव्हाच केप ओली. भावजींनी त्यावरही तोड काढली. पाणी असलं आणि एकच बार काढायचा असला, तर टिकलीच्या लावायच्या, न वाजली तर दुसरी, मग तिसरी. उशीर झाला तर होडी बाहेर तेवढा वेळ थांबेल, बिघडत नाही. दोन बार काढायचे तेव्हा मात्र विलायती. ते चुकून चालायचं नाही. असं करत करत पंचावन्न सालच्या शिमग्याला डबीत दोन केपा उरल्या होत्या.

आता माझं ऐका. लग्नानंतर चार वेळा माझी कूस रिकामी झाली. चार वेळा! शेवटी मी देवीला नवस बोलले, मूल जगलं तर शिमग्याला तुझी पालखी दारात येईल तेव्हा तुला एक बार काढीन. आमच्यात नवसाचा बार फुसका निघाला तर देवीने नवस घेतला नाही असं धरतात, आणि नवस घेतला नाही तर दिलेलं ती परत नेते. राही झाली, आठ महिन्यांची झाली, गुटगुटीत होती. मला मात्र झोप नव्हती. तिचा श्वास लागतोय की नाही ते बघत बसायचे.

शिमग्याच्या चार दिवस आधी मी भावजींपुढे राहीला ठेवलं. म्हटलं, "भावजी, दोनातली एक केप माझ्या नवसाची."

ते म्हणाले, "घे की. पण त्याआधी धुकं पडलं तर? दोन लागतील, सगुणा."

"टिकल्या आहेत की!"

"टिकल्यांचा काय भरवसा?"

"मग माझ्या पोरीचा भरवसा कुणी द्यायचा?" मी ओरडलेच. त्यांचा हात धरला आणि राहीच्या डोक्यावर ठेवला. "शपथ घ्या. एक राखून ठेवीन म्हणा." हरेश्वर तिथेच जेवत होता. घास गिळून तो म्हणाला, "घे की रे दादा. हिला झोप न्हाय, जेवण न्हाय." भावजींनी राहीकडे पाहिलं. मग म्हणाले, "घेतली."

शिमग्याच्या पुनवेला पालखी दुपारी आमच्या दारात यायची होती. हरेश्वरची होडी आदल्या दिवशी गेलेली, चार माणसं होती तीवर. सणाला घरी पोचायची सगळ्यांना घाई. आणि उजाडताना धुकं पडलं. असं, की अंगणातली तुळस दिसेना. पुनवेची सकाळ म्हणजे उधाणाची ओहोटी, खडक उघडे. दोन बार हवे होते. भावजी बंदूक घेऊन निघाले. डबी मी चुलीवरून काढली, पदरात गुंडाळली आणि त्यांच्या मागून टोकावर गेले. बाकीच्या बाया खाली वाळूत होत्या. टोकावर आम्ही दोघंच.

धुक्यातून वल्ह्यांचा आवाज आला. भावजींनी दोन्ही नळ्या ठासून ठेवल्या होत्या. डाव्या घोड्याखाली विलायती केप बसवली. मग उजवीकडे हात थांबला. डबी माझ्या हातात उघडी होती, आत ती एकच केप. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सगुणा, लावू का ग हीपण?"

आणि मी म्हटलं, "भावजी, शपथ हाय."

एवढंच. मी डबीचं झाकण लावलं.

त्यांनी उजवीकडे टिकलीची बसवली. डावा चाप ओढला. बार असा खणखणीत निघाला की खाली बायांनी कान झाकले. लगेच उजवा ओढला. फुस्स. घाईने दुसरी टिकलीची लावली. फुस्स. तिसरी लावली. तीही फुस्स. मग मी डबी पुढे केली. स्वतःहून केली हो, देवीशपथ! त्यांनी ती घेतली, केप बोटांत धरलीही. पण ती त्यांनी लावली नाही. "आता न्हाय," म्हणाले, "आता वाजवली तर एकटाच बार ऐकू येईल. एकटा बार म्हणजे या." आणि केप मुठीत धरून ते ओरडायला लागले. "थांबा रे! हरेश्वरा, थांब!" घसा फुटेपर्यंत ओरडले. ओहोटीच्या लाटांपुढे माणसाचा आवाज तो किती. मग खडकांवरून लाकूड मोडल्याचा आवाज आला.

तिघं पोहून आले. सुकाणूवर हरेश्वर होता, तो आला नाही. त्याचं अंगसुद्धा सापडलं नाही. तिघांतल्या गुणाजीने देवळापुढे सगळ्यांना सांगितलं, "एक बार ऐकला. वल्ही थांबवली, दुसऱ्याची वाट बघितली. आला न्हाय. मी म्हटलं, थांबू या. हरेश्वर म्हणाला, माझ्या भावाचा बार हाय, तो चुकायचा न्हाय. चला." हे ऐकून मी राहीला इतकी आवळली की ती रडायला लागली.

वाडीने भावजींना उभं करून विचारलं, "दोन बारांना चांगल्या केपा लावतोस ना तू? मग?"

"एकच होती," भावजी म्हणाले.

"दुसरी न्हवती?"

"न्हवती."

मी आठ हातांवर बसले होते. तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. पण मला माझी वाडी ठाऊक. पोरीच्या नवसापायी बाप गेला म्हटल्यावर राहीला जन्मभर काय ऐकावं लागलं असतं? बाप गिळून जगली! कोण तिला अंगणात उभं करणार, कोण सून करून नेणार? असं मी मनाला सांगितलं. खोटं नव्हतं ते. पण पुरतं खरंही नव्हतं. मला माझीच भीती वाटत होती. भावजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मांडीवरच्या राहीकडे पाहिलं आणि खाली मान घालून निघून गेले. त्या वर्षी सुतक, पालखी दारात आली नाही. पुढे दर वर्षी आली, पण मी नुसताच नारळ दिला. बार काढा म्हणायचं तोंड कुठे होतं मला? ती केप त्यांनी त्याच दिवशी पाण्यात फेकली असणार, असं मी धरून चालले. विचारलं कधी नाही.

पुढच्या माघात भावजी आपणहून देवळापुढे उभे राहिले. म्हणाले, "रिवाज उलटा करा. दोन बार म्हणजे या. एक बार, नाहीतर काहीच न्हाय, म्हणजे बाहेर थांबा. मग केप चुकली तरी माणूस बाहेर राहील, मरणार न्हाय." लोक हसले. "वरातीमागून घोडं," कुणीतरी बोललंच. पण घरी जाऊन सगळ्यांनी विचार केला आणि रिवाज बदलला. बंदूक नको, म्हणून गुणाजी रॉकेलचा डबा बडवायचा, पण नेम हाच. इतकी साधी गोष्ट! तीन पिढ्यांना सुचली नाही, कारण त्यांच्या वेळी केपा मुबलक होत्या. तेव्हापासून धुक्यात आमची एकही होडी फुटली नाही. त्याबद्दल भावजींना कुणी शाबासकी दिली असेल तर शपथ. म्हण मात्र चालू.

बंदुकीला त्यांनी पुन्हा दारू दाखवली नाही. पण दुपारी सगळं निजलं की भिंतीपलीकडून आवाज यायचा. टक्. जरा वेळ जायचा. मग पुन्हा टक्. पहिला घोडा, दुसरा घोडा. वर्षानुवर्षं. मी कानात बोटं घातली तरी मला तो ऐकू यायचा, बाजारात मासे कापतानाही ऐकू यायचा. एकदा भिंतीवर मुठी आपटून मी ओरडले, "ठेवा हो ती अवदसा एकदाची!"

पलीकडून भावजी शांतपणे म्हणाले, "आधी टिकलीची मारायला हवी होती, सगुणा. चांगली मागून. टिकली फुसकी निघाली असती तर काहीच ऐकू आलं नसतं. काहीच ऐकू आलं नसतं तर तो थांबला असता." हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, सांगता येणार नाही. दर वेळी ते आपलीच चूक काढायचे. माझं नाव त्यात कधीच नसायचं. एखाद्याने कानफटात मारली असती तर बरं वाटलं असतं. हा म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आणि धुकं पडलं की मी दार उघडत नसे. हसा हवं तर. धुक्यातून हरेश्वर हाक मारायचा. नावाने नाही. नुसतं विचारायचा, "दुसरा?" रागाने नव्हे, भाकरी वाढताना दुसरी मागावी तसं. मी चुलीपुढे बसून राहायचे, ऊन पडेपर्यंत.

चौसष्ट साली भावजींच्या छातीत कफ धरला. शिमग्याला दोन दिवस असताना त्यांनी मला खाटेजवळ बोलावलं आणि उशाखालून तपकिरीची डबी काढून दिली. आत तांदूळ, तांदळात मेणकापड, आणि मेणकापडात ती केप. तांबं अजून चकचकत होतं.

"भावजी, नऊ वर्षं?"

"दर हप्त्याला ऊन दाखवलं," ते म्हणाले. "शपथ होती ना. तुजा नवस राहिलाय. राही धाव्या वर्षात गेली, देवीचं ठेवू नये."

मग मी त्यांच्या खाटेला डोकं टेकून रडले. नऊ वर्षांचं रडले. ते माझ्या डोक्यावर थोपटत म्हणाले, "कुणाला काही सांगू नको हां. माझं काय, मी चाललो. पोरीला जगायचंय."

पुनवेला दुपारी पालखी दारात आली. भावजींची खाट आम्ही अंगणात आणून ठेवली होती. पालखी टेकली, ढोल थांबले. मी आत जाऊन बंदूक घेऊन आले. बाया मागे सरल्या. जन्मभर बघितलेलं काम, शिकवावं लागलं नाही. दारू घातली, काथ्याचा बोळा घातला, गजाने ठासलं. मग डबी उघडून केप दोन बोटांत धरली आणि सगळ्यांना दाखवली.

म्हटलं, "गुणाजी, नीट बघ. ही ती दुसरी केप. त्या दिवशी टोकावर माझ्या हातात होती. भावजींनी मागितली. मी दिली नाही. माझ्या नवसासाठी राखून ठेवायला लावली, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. हरेश्वरला बंदुकीने दगा दिला नाही. मी दिला. यात पोरीचा काय दोष? ती पाळण्यात होती. तिला कुणी वाकडा शब्द बोललं, तर या अंगणात माझ्याशी गाठ आहे."

राही खांबाला धरून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. भावजींनी डोळे मिटून घेतले होते. ती केप वाजू नये, असं मला वाटत होतं. देवीसमोर उभी राहून खरं सांगते. नऊ वर्षं पडून राहिलेली, फुस्स होऊ दे, म्हणजे तेव्हाही वाजली नसती असं म्हणता येईल, एवढंच मी मागत होते.

मी नळी वर केली आणि चाप ओढला.

बार निघाला. असा खणखणीत, की नारळांवरचे कावळे उठले आणि डोंगराकडून त्याचा आवाज परत आला. गुणाजी मटकन खाली बसला. मला काही दिसेना. बंदूक हातातून गळून पडली.

खाटेवरून भावजी म्हणाले, "वाजली." मग त्यांनी कोपरावर जोर देऊन मान उचलली आणि खाडीकडे तोंड केलं. नवा रिवाज त्यांनीच घातलेला, पण त्या घटकेला ते जुन्याच रिवाजात होते. "एकच बार झाला," ते म्हणाले. "हरेश्वरा, ये आता. पाणी हाय."

अंगणातली सगळी माणसं खाडीच्या तोंडाकडे वळली. मीही वळले. दुपारची भरती होती. पाणी काठोकाठ होतं, आणि एकही खडक दिसत नव्हता.